सोनं थोडं, लाख फार

इटलीत अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली एखादी कोरीव खुर्ची किंवा भिंतीला लावून ठेवायचं सोनेरी मेज पाहताना नजर आधी सोन्याकडे जाते. लिलावाच्या यादीतही तेच ठळक छापलेलं असतं : रंगवलेलं व सोनेरी मुलाम्याचं, नवअभिजात शैली, अमुक सुमार. पण त्यातल्या कितीतरी वस्तूंवर सोनं नसतंच. असतो तो चांदीचा वर्ख, आणि त्यावर पिवळसर-तांबूस रोगणाचा पातळ हात. इटलीतले कारागीर या रोगणाला मेक्का म्हणतात. चांदीवर ते चढलं की पाहणाऱ्याला सोनं दिसतं, दोनशे वर्षांनंतरही दिसतं. आणि हे रोगण करण्याच्या बहुतेक कृतींत एक पदार्थ असतोच, तो म्हणजे लाख.

या फर्निचरवर युरोपात भरपूर लिहिलं गेलंय. पण ते बहुतेक सगळं शैलींच्या क्रमाने : आधी बरोक, मग रोकोको, मग नवअभिजात, मग नेपोलियनच्या काळातली एम्पायर. मला वाटतं, हा इतिहास एकदा थरांच्या क्रमाने वाचायला हवा. लाकूड, त्यावरचं अस्तर, त्यावरचा धातू, त्यावरचं रोगण. असा वाचला की तो ट्यूरिन-व्हेनिसपुरता राहत नाही. गोव्याच्या चर्चमधल्या वेदी, संखेड्याचे झोपाळे, सावंतवाडीचे पाट, तंजावरची चित्रं आणि गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या आसपासचे पळस हे सगळे त्याच इतिहासात येऊन बसतात.

शैलीची गोष्ट आधी थोडक्यात सांगून टाकतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या दोन गावांचं खोदकाम अठराव्या शतकात सुरू झालं. हर्क्युलेनियमचं १७३८ मध्ये, पाँपेईचं १७४८ मध्ये. रोमन माणसांची राहती घरं, त्यांच्या भिंतींवरची चित्रं, ब्राँझच्या तिवया आणि दिवे उजेडात आले. युरोपभरच्या श्रीमंतांना एकाएकी वळणावळणाच्या रोकोकोचा कंटाळा आला. खुर्च्यांचे पाय सरळ झाले, खाली निमुळते झाले, त्यांवर उभ्या पन्हळी आल्या. लॉरेलच्या पानांच्या माळा, मेंढ्यांची मुंडकी, स्फिंक्स, कलश ही नवी अलंकरणं झाली. रोममध्ये जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसीने १७६९ मध्ये शेकोट्यांच्या आणि फर्निचरच्या आराखड्यांचं पुस्तक काढलं. त्यात रोमन, इट्रस्कन आणि इजिप्शियन अशा तिन्ही परंपरांची सरमिसळ त्याने हट्टाने केली, कारण पुराणकाळाची नुसती नक्कल त्याला मान्य नव्हती. पोप तेरावा क्लेमेंट याचा पुतण्या कार्डिनल रेझोनिको याच्यासाठी पिरानेसीने आखलेल्या सोनेरी मेजांची जोडी आज फुटली आहे. एक आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, दुसरं अमेरिकेत मिनिआपोलिसच्या संग्रहालयात.

इटली तेव्हा एक देश नव्हता. ट्यूरिनला सव्हॉय घराणं, मिलानवर ऑस्ट्रिया, व्हेनिसचं प्रजासत्ताक, तोस्कानाची ग्रँड डची, पोपचं रोम, नेपल्सचे बूर्बों. प्रत्येक दरबाराचे सुतार वेगळे, रंगारी वेगळे, सवयी वेगळ्या. ट्यूरिनचा जुझेप्पे मारिया बोन्झानिगो (१७४५–१८२०) हा यातला सर्वांत नाजूक हात. आस्तीहून आलेला हा नक्षीकार १७८७ मध्ये राजघराण्याचा अधिकृत काष्ठशिल्पी झाला. स्टुपिनिजीच्या शिकारमहालात आणि ट्यूरिनच्या राजवाड्यात त्याचं काम आहे. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची जमीन आणि उठावातल्या फुलापानांवर तेवढं सोनं, ही त्याची ओळख. त्याची फुलं इतकी बारीक कोरलेली असतात की पाकळीची जाडी कागदाइतकी होते. व्हेनिसकडे वेगळीच तऱ्हा होती. तिथे चित्रकाराला पैसे देणं न परवडणारे लोक बास्सानोच्या रेमोंदिनी छापखान्यातून छापील चित्रं आणत, ती कातरून लाकडावर चिकटवत, रंगवत आणि त्यावर रोगणाचे हातावर हात देत. गरिबांची लाख म्हणून ओळखली गेलेली ही पद्धत आज श्रीमंतांच्या संग्रहात जाऊन बसली आहे.

रंगवण्याचा एवढा सोस का, याचं उत्तर लाकडात आहे. पॅरिसच्या सुतारांकडे महोगनी आणि ब्राँझचे सोनेरी साज होते. इटलीत नक्षीकाराच्या हाताला मिळे ते पॉप्लर, लिंडेन, कधी अक्रोड. पॉप्लर मऊ, कोरायला सोपं, पण उघडं ठेवावं असं त्यात काहीच नाही. ना रेषा, ना रंग. म्हणून ते झाकलं जाई. झाकायचंच तर मग मागची बाजू कशाला? इटालियन मेज भिंतीपासून ओढून पाहिलं तर मागे कच्चं, रंधाही नीट न फिरवलेलं लाकूड दिसतं, आणि जाणकार खरेदीदार तेच आधी पाहतो. मिलानजवळच्या पाराबियागोचा जुझेप्पे मॅज्जोलिनी (१७३८–१८१४) याने मात्र उलट वाट धरली. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ तुकडे जोडून तो चित्र करी. त्याच्या कपाटांवर लाकूडच बोलतं. पण त्याचं काम हा अपवाद. त्या काळच्या इटलीचा नेम रंग आणि वर्ख हाच होता.

आता थरांकडे येतो. सगळ्यांत खाली कोरलेलं लाकूड. त्यावर जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा गरम हात, म्हणजे पुढचा थर लाकडाला धरून राहतो. मग सरसात कालवलेल्या जिप्समच्या पांढऱ्या लुकणाचे एकावर एक अनेक हात. इटालियन लोक याला जेस्सो म्हणतात. आधी जाडसर, मग मुलायम. कोरीव काम या लुकणाखाली बुजतं, म्हणून सुकल्यावर नक्षी पुन्हा टोकदार हत्यारांनी उकलावी लागते. त्यावर बोलो, म्हणजे तांबडी चिकणमाती, सरसात घोटलेली. ही माती दोन कामं करते : वर्खाला खालून उष्ण रंग देते आणि घोटताना दाब झेलते. पाण्याने ती भिजवली की सरस जागा होतो, वर्खाचं पान त्यावर टेकवलं की चिकटतं. वाळत आलं की अकीकाच्या गुळगुळीत टोकाने घोटायचं. घोटलेलं सोनं आरशासारखं चमकतं, न घोटलेलं मंद राहतं, आणि हुशार मुलामेकार एकाच पाकळीवर दोन्ही ठेवतो. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या संधीवर चेन्निनो चेन्निनीने आपल्या कारागिरीच्या पोथीत ही पद्धत जवळजवळ अशीच लिहून ठेवली आहे. चारशे वर्षं तिच्यात फारसा फरक पडला नाही.

सोन्याच्या पानाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे सोनेरी मेजावर वजनाने सोनं नगण्य. जे आहे ते लुकण, माती आणि सरस. तरीही सोनं महाग होतं, आणि मोठ्या दिवाणखान्यातल्या डझनावारी खुर्च्या, आरशांच्या चौकटी, मेणबत्तीदानं यांना ते पुरवणं दरबारांनाही जड जाई. तेव्हा चांदी. चांदीचं पान त्याच मातीवर बसतं, तसंच घोटलं जातं. पण चांदी उघडी राहिली तर हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. तिला काहीतरी पांघरूण द्यावंच लागतं, आणि द्यायचंच तर ते पिवळं का नको? मद्यार्कात लाख विरघळवायची, सँडरॅकसारखी राळ घालायची, रंगासाठी केशर, हळद किंवा एखादी लाल राळ. गरम खोलीत, धूळ नसताना, रुंद मऊ कुंचल्याने एकाच दमात ओढायचं. दुसऱ्यांदा कुंचला फिरवला तर खालचा थर विरघळतो आणि डाग पडतो. म्हणून मेक्का लावणाऱ्याचा हात थांबत नसे. मला या सगळ्या परंपरेत हेच काम सर्वांत अवघड वाटतं, आणि याच कामाच्या कारागिरांची नावं सर्वांत कमी उरली आहेत.

लाख युरोपात नवी नव्हती. ऑक्सफर्डमध्ये १६८८ साली स्टॉकर आणि पार्कर यांनी रोगणकामावर पुस्तक छापलं, त्यात दाणालाख आणि चपडा या लाखेच्या दोन्ही प्रकारांच्या कृती आहेत. रोममध्ये १७२० साली फिलिप्पो बोनान्नी या जेझुइट पंडिताने, लोक ज्याला चिनी रोगण म्हणतात त्यावर प्रबंध लिहिला. चीनचं खरं लॅकर एका झाडाच्या चिकापासून होतं आणि ते युरोपात नीट आणता येत नाही, तेव्हा मद्यार्कात विरघळणाऱ्या राळांवर भिस्त ठेवावी लागते, हे त्याने ओळखलं. त्या राळांमध्ये लाखेचा मान मोठा. ती येई बंगालमधून आणि ब्रह्मदेशातल्या पेगूहून.

हा पदार्थ ज्या जंगलात तयार होतो ते आपल्याला परकं नाही. गोंदिया आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले लाखेचे मुख्य जिल्हे. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर दरेकसा स्टेशन आहे. तिथून धनेगावमार्गे कचारगडच्या गुहांकडे जातात. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. इथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने जंगो रायताड आणि संगीतकार हिरासुका पाटालीर यांच्या साथीने बाहेर काढलं, अशी कोया पुनेम या गोंड धर्माची कथा आहे. माघी पौर्णिमेला महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंड लोक ‘जय सेवा’ म्हणत इथे जमतात. त्याच दिवसांत पळस फुलायला लागतो, आणि जिथे लाख लावलेली असते तिथे त्याच पळसाच्या फांद्यांवर बैसाखी लाखेचं पीक उभं असतं.

लाख म्हणजे किड्याने अंगाभोवती बांधलेलं घर. केरिया लॅका हा तो किडा. अर्ध्या मिलिमीटरच्या लालबुंद पिल्लांचा थवा कोवळ्या फांदीवर पसरतो, प्रत्येक पिल्लू सालीत सोंड रोवतं आणि तिथेच बसतं. रस ओढायचा आणि अंगातून राळ सोडायची. हजारो किड्यांच्या राळा एकमेकींत मिसळून फांदीभोवती खडबडीत कवच तयार होतं. पळस आणि बोरावर होते ती रंगीनी, कुसुमाच्या झाडावर होते ती कुसमी. रंगीनीची वर्षात दोन पिकं, कतकी आणि बैसाखी. कुसमीची अघनी आणि जेठवी. शेतकरी आधी झाड छाटतो, नवे धुमारे फुटू देतो, मग किड्यांनी भरलेल्या काड्यांची जुडी, म्हणजे बिहन लाख, फांदीला बांधतो. पिल्लं बाहेर पडून पसरली की रिकामी काडी उतरवायची. पीक पिकलं की फांदी तोडून लाख खरवडायची. कुसमी फिक्या रंगाची आणि जास्त भावाची.

पुढचं काम गावाबाहेर. खरवडलेली लाख कुटतात, धुतात. धुताना लाल रंग पाण्यात उतरतो. कृत्रिम रंग निघण्याआधी या रंगासाठीच लाखेला युरोपात मोठा उठाव होता. धुऊन उरते ती दाणालाख. ती लांब कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीपुढे धरायची, एका टोकाने पीळ द्यायचा. कापडातून वितळलेली लाख पाझरते, ती खरवडून घ्यायची, आणि गरम असतानाच कारागीर हातापायांनी ताणून तिचा मोठा पातळ पडदा करतो. पडदा थंड झाला की फोडायचा, तो चपडा. गोंदियातही एके काळी लाखेचे कारखाने चालत. ट्यूरिनच्या मेक्का चढवलेल्या खुर्चीवर जे सोनं दिसतं ते अशाच कुठल्यातरी भट्टीतून पाझरलेलं असतं, आणि आपल्याकडे जुनी सागवानी कपाटं, देव्हारे, हार्मोनियम ज्या पॉलिशने चकाकतात तेही हेच. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, कापडी बोळ्याने गोलगोल घासून पॉलिशवाले जे काम करतात ते मेक्काच्या कामापासून फार दूर नाही.

गोव्यात लाखेचं काम युरोपने फार आधी पाहिलं. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या औषधी-वनस्पतींच्या संवादांत लाखेला स्वतंत्र प्रकरण दिलं. ती मुंग्या करतात असा त्याचा समज होता. १५८०च्या दशकात गोव्यात राहून गेलेला डच माणूस लिन्स्खोटेन याने कातारी कसा काम करतो हे लिहिलं आहे : लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते. असं रंगवलेलं घरातलं लाकडी सामान त्याने गोव्यात पाहिलं होतं. सोळाव्या शतकातच आपल्याकडे लाकडाला लाखेचा साज होता, याची ही साक्ष.

चर्चमधल्या सोन्याचं तंत्र मात्र युरोपातून आलं. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची सेंट कॅथरिनची वेदी, बाँ जेझूची मुख्य वेदी, असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च इथे भिंत संपूर्ण व्यापणारं कोरीव लाकूड अस्तर-माती-वर्ख या युरोपीय पद्धतीने मढवलेलं आहे. इटलीशी थेट नातं दोन ठिकाणी दिसतं. सेंट कजेतानचं चर्च इटलीतल्या थिआटाइन पंथाच्या धर्मगुरूंनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या नमुन्यावर बांधलं, आणि त्याच्या बरोक वेदी गोव्यातल्या सर्वांत चांगल्या लाकूडकामात मोडतात. बाँ जेझूमधल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने पाठवला. फ्लॉरेन्सच्या फोज्जीनीने केलेला हा चौथरा १६९८ मध्ये बसवला गेला. पण वेदी घडवणारे हात इथलेच होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती व चित्रं करू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात पुन्हा पुन्हा काढावे लागले. म्हणजे ते करत होते, आणि त्यांच्यावाचून चालतही नव्हतं. नीट पाहिलं तर वेदीवरच्या वेलीत आपल्या ओळखीची फळं-फुलं आणि देवदूतांच्या चेहऱ्यावर कोकणी नाक-डोळे सापडतात. यासाठी सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय सवडीने पाहावं.

मेक्काचं खरं भावंड मात्र चर्चमध्ये नाही, घरातल्या झोपाळ्यावर आहे. बडोद्याजवळचं संखेडा गाव (आता छोटा उदेपूर जिल्ह्यात) गायकवाडांच्या राज्यात होतं. बडोद्याच्या मराठी घरांत संखेड्याचा झोपाळा, पाळणा, सोफा ही लग्न-बारशाची ठरलेली वस्तू. तिथले खरादी सुतार सागवानाचे कातीव पाय आणि दांडे करतात, ते गडद रंगतात. मग कथील सरसात कालवून त्याची पातळ शाई करतात आणि खारीच्या केसांसारख्या बारीक कुंचल्याने वेलबुट्टी काढतात. या क्षणी नक्षी करडी, निस्तेज दिसते. सुकली की अकीकाने घोटतात. कथील चंदेरी चमकतं. मग दांडा कातयंत्रावर फिरवत त्यावर लाख चढवतात, केवड्याच्या पानाने घासतात, आणि चंदेरी वेल डोळ्यांसमोर सोनेरी होते. चांदीऐवजी कथील, कुंचल्याने ओढलेल्या रोगणाऐवजी कातयंत्रावर वितळवलेली लाख. एवढ्या दोन बाबी सोडल्या तर ट्यूरिन आणि संखेडा एकच युक्ती वापरतात. कोणी कोणाकडून शिकलं असं मानायची गरज नाही. स्वस्त पांढरा धातू, त्यावर पारदर्शक पिवळी राळ : सोन्याची हौस आहे आणि सोनं परवडत नाही, तिथे हुशार माणूस या उत्तरापाशी पोचतोच. संखेड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण कलेच्या इतिहासात त्याला अजून ‘हस्तकला’ या कप्प्यात ठेवतात आणि बोन्झानिगोला ‘सजावटी कला’च्या. हे वर्गीकरण मला खटकतं. तंत्राची पायरी सारखी असताना मान वेगळा का?

सावंतवाडीचा मार्ग आणखी वेगळा. तिथल्या चितार आळीतले चितारी चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड मिसळून अस्तर करतात. गंजिफाच्या पत्त्यांनाही तेच, लाकडाच्या पाट-चौरंगांनाही तसंच. त्यावर रंग, फुलांच्या किनारी, शेवटी लाखेचा हात. सोनं इथे जवळजवळ नाही, जे आहे ते रंगाचं तेज. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला विझत आली होती. शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली, म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून नव्या मुलांना शिकवून घेतलं. राजवाड्याच्या दरबार दालनात बसून चितारी काम करताना आजही दिसतात. चिंचोक्याची खळ म्हणजे कोकणचा जेस्सो, आणि दमट हवेत ती सरसापेक्षा कशी टिकते याचा अभ्यास एखाद्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

इटलीत नवअभिजात शैली भरात असतानाच तंजावरला मराठ्यांच्या दरबारात सोन्याचं दुसरं काम चाललं होतं. दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) तंजावर चित्रशैली बहरली. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंक-सरसाचं लुकण. त्याच लुकणाने दागिने, महिरपी, खांब उठावात उभे करायचे, त्यांवर अस्सल सोन्याचा वर्ख आणि मध्ये काचा-खडे. इथे लबाडीला जागा नाही; देवाच्या अंगावरचं सोनं सोनंच. सरफोजींच्या सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय ग्रंथांचा मोठा साठा आहे, त्यांना युरोपातल्या कलेची चांगली जाण होती. तरी तंजावरच्या चौकटीने ग्रीक-रोमन अलंकरण फारसं घेतलं नाही. आपल्याकडे उठावाचं काम देवासाठी झालं आणि इटलीत ते बसायच्या खुर्चीसाठी, हा फरक मला शैलीच्या सगळ्या फरकांहून मोठा वाटतो.

आता बाजार आणि दुरुस्ती. जुन्या इटालियन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत बरंच काही विसाव्या शतकातलं असतं. फ्लॉरेन्समध्ये पर्यटकांसाठी आणि निर्यातीसाठी सोनेरी-हिरव्या तबकांचं, एकात एक बसणाऱ्या मेजांचं मोठं उत्पादन झालं. ते वाईट नाही, पण नवअभिजातही नाही. मुंबईत चोर बाजारातला मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार इथे युरोपीय थाटाचं सोनेरी सामान येत राहतं. पाहताना उठावाच्या टोकांवर लक्ष द्यावं : खऱ्या वस्तूत तिथे वर्ख झिजून तांबडी माती डोकावते. मेक्काच्या वस्तूत रोगण उडालेल्या जागी करडे-काळे ठिपके असतात, कारण उघडी पडलेली चांदी काळवंडलेली असते. सगळीकडे सारखीच सोनेरी आणि चिरांमध्येही सोनेरी असेल, तर ती ब्राँझच्या पुडीने पुन्हा रंगवलेली समजावी. पितळेची ती पूड काही वर्षांत तपकिरी-हिरवी पडते. आणि एखादी वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती देशाबाहेर नेण्यावर निर्बंध येतात, हे विकणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी ध्यानात ठेवावं.

ब्राँझच्या पुडीचा रोग आपल्या देवस्थानांनाही लागला आहे. उत्सवाआधी वेदी किंवा देव्हारा ‘नवा’ करण्यासाठी डब्यातला सोनेरी रंग सरसकट फासला जातो, आणि खालचं घोटलेलं व मंद सोनं, दोन्ही एका पातळीला येतात. त्यात समाजाची श्रद्धा असते, म्हणून टीका करताना जीभ अडते. पण नुकसान होतं ते होतंच.

मेक्काचा धोका याहून वेगळा आणि जास्त फसवा. लाख मद्यार्कात विरघळते. मळलेली खुर्ची स्पिरिटने पुसायला घेतली की कापसावर पिवळा डाग येतो, पुसणारा तो मळ समजतो आणि आणखी जोराने पुसतो. काही मिनिटांत सोनेरी खुर्ची चंदेरी होते. युरोपातल्या कितीतरी चौकटी अशाच ‘स्वच्छ’ होऊन बसल्या आहेत आणि त्या मुळात चांदीच्याच असाव्यात असं लोकांना वाटतं. पाणीही लाखेला सोसत नाही. ओल लागली की ती पांढुरकी होते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सरसाचं अस्तर फुगतं, हिवाळ्यात दोन्ही आखडतात पण सारखी नाही, आणि वर्ख अस्तरासकट सुटून येतो. तेव्हा आधी सुटलेलं अस्तर सरसाने जागेवर बसवायचं, मगच वरचा मळ काढायचा विचार करायचा.

दुरुस्तीला लागणारी लाख मिळणंही सोपं राहिलेलं नाही. संखेड्यातही अनेक कारागीर आता कृत्रिम पॉलिश मारतात, कारण ते झटपट वाळतं. ज्याला जुन्या थराशी जुळणारं काम करायचं आहे त्याला मात्र न विरंजलेली दाणालाख किंवा हाताने ताणलेला चपडाच हवा, कारण त्याचा रंग आणि त्याची पारदर्शकता दोन्ही वेगळी असतात. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे; पळसाव्यतिरिक्त सेमियालाटासारख्या झुडपांवर लाख घेण्याचे प्रयोग तिथेच झाले, आणि अशी झुडपं पाणी देता येईल तिथे शेताच्या बांधावर लावता येतात. केंद्राच्या गौण वनोपजांच्या हमीभाव योजनेत २०१३-१४ पासून लाख आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. अडचण उन्हाळ्याची असते : मे महिन्याच्या तापलेल्या हवेत पळसावरचे किडे मरतात, आणि पुढच्या पिकासाठी बिहन लाखच उरत नाही. पाण्याजवळच्या झाडांवर थोडी बिहन राखून ठेवणं, झाडांना आळीपाळीने विश्रांती देणं, कुसुमाची झाडं न तोडणं ही कामं सालेकसा-देवरीकडच्या ग्रामसभांच्या हातातली आहेत. त्यांच्याकडची चांगली दाणालाख गोव्यातल्या दुरुस्ती करणाऱ्यांना, सावंतवाडीच्या चिताऱ्यांना, संखेड्याच्या खराद्यांना थेट मिळेल अशी एक विक्रीची साखळी उभी करायला फार मोठं भांडवल लागणार नाही. लागेल तो लाखेची प्रत ओळखणारा एखादा माणूस, आणि काडीवरून खरवडतानाच रंगीनी-कुसमी वेगळी ठेवण्याची शिस्त.